बोरीचा उन्हाळी मध आणि फसफसलेली बाटली

गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात एक आजी आल्या. ताप-खोकला काही नव्हता. पदराआडून त्यांनी एक बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. बाटलीत मध होता. वर बोटभर पांढरा फेस आलेला आणि पत्र्याचे झाकण फुगून वर आलेले.

'डॉक्टरसाहेब, एवढं बगा. बोरीहून आणलाय, मधमाश्यावाल्याच्या आखाड्यावरून. चांगला म्हणून दिला अन् आता फसफसायला लागलाय. साखरेचा पाक मिसळला का काय त्यानं? सुनेला परवा मुलगा झालाय. त्याच्या जिभेला लावायचा होता म्हणून काढला, तर हे असं.'

आजींचा प्रश्न एकच होता, मध खरा की खोटा. मला मात्र त्यात दोन प्रश्न दिसले आणि दुसरा जास्त तातडीचा वाटला. म्हणून आधी त्याचेच उत्तर दिले. 'आजी, मध खरा असो की खोटा, बाळाला लावू नका. वर्षाचा होईपर्यंत अजिबात नाही.'

आजींना हे रुचले नाही. 'आमच्या सगळ्या लेकरांना चाटवला की वो आम्ही. काय झालं त्यांना?'

काही झाले नाही, हे खरेच आहे. बहुतेकांना काही होत नाही. पण शेकडो घरांत काही होत नाही आणि एखाद्या घरात होते, तेव्हा ते फार वाईट होते. मातीत आणि धुळीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूची बीजे असतात. फुलांवरून, धुळीतून ती मधात येऊ शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात मात्र रुजू शकतात आणि तेथे विष तयार करतात. आधी बाळाला शौचास होईनासे होते, मग अंगावर ओढणे कमी होते, रडण्याचा आवाज क्षीण होतो, पापण्या जड होतात, मान धरत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हा आजार दुर्मिळ आहे, पण मध न दिल्याने बाळाचे काहीही अडत नाही. घरी उकळल्याने ही बीजे मरत नाहीत. म्हणून 'गरम करून लावला तर?' या प्रश्नाचेही उत्तर 'नाही' असेच आहे. नवजात बाळाला पहिल्या तासात आईचा चीक मिळाला पाहिजे आणि सहा महिने आईचे दूध. सोन्याची अंगठी उगाळून मध-तूप चाटवण्याचा विधी ज्यांना करायचाच आहे, त्यांनी तो बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला करावा असे मी सुचवतो. आजी 'बघू' म्हणाल्या. बाटली मी ठेवून घेतली.

राहिला पहिला प्रश्न. मधात पाक मिसळला होता का? तसा आरोप एखाद्या गरीब मधपाळावर करणे सोपे असते आणि खेड्यात तो एका बाजाराच्या दिवसात सगळीकडे पोहोचतो. बोरीचा हा माणूस मला थोडाफार माहीत होता. रविवारी परभणी–जिंतूर रस्त्याने बोरी गाठली आणि तेथून त्याच्या वावरात गेलो.

आखाड्यावरच्या चाळीस पेट्या

ओढ्याच्या काठाने करंज आणि लिंबाची रांग आहे. तिच्या सावलीत चाळीसेक पेट्या मांडलेल्या. प्रत्येक पेटी लोखंडी घोडीवर, घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढू नयेत. झाकणावर ओले गोणपाट. पेट्यांची तोंडे पूर्वेला. थोड्या अंतरावर एक उथळ सिमेंटची टाकी, तिच्यात वाळू-खडे घातलेले आणि पाण्याची धार सुरू. खडे कशाला, असे विचारले तर म्हणाला, 'माशी पाण्यात बुडू नये म्हणून. तिला बसायला जागा लागती.'

वेळ सकाळी आठची होती. तरीही माश्यांची मुख्य ये-जा आटोपत आली होती. उन्हाळ्यात त्यांचे काम पहाटे उजाडताच सुरू होते आणि ऊन तापले की फुलांवरचे काम जवळजवळ थांबते. दुपारी ज्या माश्या बाहेर पडतात त्या मकरंदाला नव्हे, पाण्याला.

यामागचे कारण समजून घेतले की आजींच्या बाटलीचे कोडे निम्मे सुटते. पेटीच्या आत जेथे अंडी-पिल्ले असतात, तेथील तापमान माश्या ३४ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४२-४३ अंश असतात. पिल्ले वाचवायची तर आत गारवा हवा. मग काही माश्या पाणी आणून पोळ्यावर थेंबाथेंबाने पसरतात आणि काही दाराशी रांगेने उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. आपला वाळ्याचा पडदा आणि कूलर जे करतो तेच. उरलेल्या माश्या गर्दी कमी व्हावी म्हणून बाहेर येऊन पेटीच्या तोंडाला घोसासारख्या लटकतात. या सगळ्या माश्या मध आणण्याच्या कामावरून कमी होतात. शिवाय नवे मेण ४० अंशांच्या पुढे मऊ पडते. मधाने जड झालेले पोळे अशा वेळी चौकटीतून ढासळते, मध खाली सांडतो आणि त्यात माश्याच बुडून मरतात. पेट्या उन्हात ठेवणाऱ्या नवख्याचा पहिला उन्हाळा बहुधा असाच जातो.

'साहेब, लोकांना वाटतं ऊन वाढलं की मध कमी. तसं नाही. माशी ऊन झेलती. तिला वारं झेलत नाही.' हे त्याचे म्हणणे. खरे आहे. कोरड्या उष्ण वाऱ्यात फुलातला मकरंद फुलातच आटतो. झाडाला मुळाशी ओल मिळाली नाही तर ते मकरंद कमी देते. रात्र जरा थंड, जमिनीत ओल, सकाळ निवांत आणि आभाळ निरभ्र असले की लिंबाचा फुलोरा चांगला पाझरतो. यातली एखादी गोष्ट जरी बिघडली तरी पेटीचे वजन वाढत नाही. मधपाळाची मजुरी मात्र तेवढीच.

सूर्यफूल गेले, सोयाबीन आले

मधाच्या उत्पन्नात हवेइतकाच हात आजूबाजूच्या शिवाराचा असतो. मेलीफेरा जातीची माशी साधारण दोन-तीन किलोमीटरपर्यंत चरायला जाते, आपली देशी सातेरी त्याहून कमी. म्हणजे पेटीभोवतीच्या या वर्तुळात जे फुलते तेच मधात उतरते.

पूर्वी मराठवाड्यात सूर्यफूल आणि करडई यांचा पेरा मोठा होता. करडई थंडीच्या अखेरीस फुलायची, सूर्यफूल पेरणीनुसार रब्बीत आणि उन्हाळ्यातही. मधमाशीला याहून सुखाचे दिवस नाहीत. आज ही दोन्ही पिके हटली आणि खरिपात सोयाबीन व कपाशी पसरली. ती पिके पावसाळ्यात फुलतात, उन्हाळ्यातल्या माशीच्या उपयोगाची नाहीत. आता मार्चपासून जूनपर्यंत माशीचा भार झाडांवर आहे. आधी पळस, मग लिंब, करंज, जांभूळ, शेवटी चिंच. त्याशिवाय जेथे पाणी आहे तेथे कांद्याचे बियाणे, उन्हाळी तीळ, टरबूज-खरबूज. येलदरी धरण याच जिंतूर तालुक्यात आहे खरे, पण पाटाचे पाणी सगळ्या शिवारांना पुरत नाही. धुऱ्यावरचे लिंब तोडून बांध कोरण्याची जी घाई आपल्याकडे चालली आहे, तिचा हिशेब मधमाशी दरवर्षी मांडते. आपण वाचत नाही, एवढेच.

पाण्याची ओढ लागली की काय होते ते त्याने सांगितले. २०१५-१६ च्या दुष्काळात, ज्या वर्षी एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या निम्म्या पेट्या रिकाम्या झाल्या. माश्या मेल्या नाहीत, उठून गेल्या. खायला नाही आणि प्यायला नाही अशा ठिकाणी वसाहत थांबत नाही. त्याच्या आधी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. महाराष्ट्रभर पिके आडवी झाली, त्यात मोसंबी-डाळिंबाच्या बागाही होत्या. फुलेच झडली तर माशी जाणार कुठे? त्या साली त्याने मे महिन्यात पेट्यांना साखरेचा पाक पाजला.

येथे मी त्याला थांबवले. पाक? गावात नेमका हाच संशय आहे.

तो हसला. 'पाजतो की. पावसाळ्यात सगळेच पाजतात, नाही तर माशी मरती. पण पाक पाजताना वरचा मधाचा मजला काढून ठेवायचा आन् फुलोरा सुरू व्हायच्या आधी पाक बंद करायचा. पाकाचा मध काढून विकला तर ती चोरी.' पावसाळ्यात फुले कमी, त्यामुळे माशीला जगवण्यापुरते खाद्य द्यावे लागते, हे मधमाशीपालनात मान्य आहे. तो पाक विक्रीच्या मधात येऊ न देणे हा मधपाळाच्या इमानाचा भाग.

मग फेस कशाचा?

त्याने एक चौकट काढून दाखवली. वरच्या अर्ध्या भागावर मेणाची पातळ पांढरट टोपणे चढलेली, खालचा भाग उघडा, चकाकणारा. 'हा वरला पिकला. खालला कच्चा.'

फुलातल्या मकरंदात पाणीच जास्त असते, पुष्कळदा निम्म्याहून अधिक. माश्या तो एकमेकींच्या तोंडातून फिरवतात, त्यात आपले पाचकरस मिसळतात, घरांत पातळ पसरतात आणि रात्रभर पंखांनी वारा घालून पाणी उडवतात. पाणी विसेक टक्क्यांच्या खाली आले की घरावर मेणाचे टोपण बसवतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकातही मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे आहे. कारण साधे आहे. मधात साखर इतकी दाट असते की जंतूंना जगायला मोकळे पाणी मिळत नाही. पाणी वाढले की साखरेत तग धरणारे किण्व, म्हणजे यीस्ट, जागे होतात, साखर आंबवतात, वायू सुटतो. फेस येतो, झाकण फुगते, वास आंबूस होतो. इडलीचे पीठ फुगते त्याच जातीची ही गोष्ट.

आपला कोरडा उन्हाळा या बाबतीत मधपाळाचा मित्र आहे. हवेत ओल नसल्याने मध लवकर पिकतो आणि दाट होतो. सह्याद्रीच्या ओलसर डोंगरातला सातेरीचा मध बहुधा याहून पातळ असतो. पण या वर्षी एप्रिलच्या शेवटी, लिंबाचा फुलोरा ऐन भरात असताना, तीन रात्री लागोपाठ वारा-वावटळ आणि वळीव आला. निम्मी फुले जमिनीवर. उरलेल्यांत मकरंदाबरोबर पाणी. हवा दमट झाली, त्यामुळे पेटीतला ओला मध वाळेना. आभाळ पुन्हा भरून येत होते. पुढच्या पावसात हातचे जाईल या भीतीने त्याने चौकटी अर्ध्या पिकल्या असतानाच यंत्रात घालून मध काढला. मे महिन्यातल्या लग्नाचे पैसे द्यायचे होते, हेही एक.

म्हणजे आजींच्या बाटलीत पाक नव्हता. होती ती घाई आणि वळवाचे पाणी. त्याने ते कबूल केले, आणि मला त्याचे बरे वाटले. 'चूक माझी हाय. तीस किलो काढला, वीस किलो विकला. राहिलेला दहा किलो आता माश्यांनाच पाजतो. ज्यांनी नेला त्यांना बदलून देतो म्हणून सांगा.' एका माशीच्या सगळ्या आयुष्याची कमाई चहाच्या चमच्याचा बाराव्या हिस्सा एवढी असते. तीस किलोचा हिशेब वाचकांनी सवडीने करावा.

फसफसलेला मध खाल्ला तर विषबाधा होते असे नाही. एखाद्याच्या पोटात गुडगुडेल, इतकेच. पण आजारी माणसाला, गरोदर बाईला, लहान मुलाला तो देऊ नये आणि औषध म्हणून तर मुळीच वापरू नये. घरी चांगला मधही आपण असाच बिघडवतो. मध हवेतली ओल ओढून घेतो. पावसाळ्यात झाकण सैल ठेवले किंवा ओला चमचा घातला की वरच्या थरात पाणी वाढते आणि फेस येतो. काचेची बरणी, घट्ट झाकण, कोरडा चमचा आणि अंधारी गार जागा. पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवलेला मध मे महिन्यात काळपटतो, त्याचा वास जातो आणि प्रयोगशाळेत ज्यावरून मध तापला की नाही हे ओळखतात तो एचएमएफ नावाचा घटक वाढतो. मध तापवू नये असे आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांनी सांगितले आहे. ते कारण निराळे देतात, पण सल्ला पाळण्यासारखा आहे.

दुसरी एक तक्रार मला नेहमी ऐकू येते. 'डॉक्टर, मधात खाली साखर बसली, म्हणजे भेसळ.' नाही हो. मधात फळसाखर आणि द्राक्षसाखर अशा दोन मुख्य साखरा असतात. द्राक्षसाखरेचे प्रमाण ज्यात जास्त, तो मध थंडीत लवकर गोठतो आणि रवाळ होतो. सूर्यफुलाचा मध तर फार लवकर गोठतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. पाण्यात थेंब टाकून, काडी पेटवून, कुत्र्याला हुंगवून किंवा मुंग्या लागतात का पाहून खरा मध ओळखण्याच्या ज्या युक्त्या आहेत, त्यांतल्या एकीवरही विसंबू नये. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासले. जर्मनीतील प्रयोगशाळेतल्या आधुनिक चाचणीत त्यांपैकी १० नापास झाल्याचे संस्थेने जाहीर केले. मोठ्या कंपन्यांनी आरोप नाकारला. वाद कोणाचा खरा ते सोडा, पण जी भेसळ साध्या प्रयोगशाळेलाही चकवते ती आपल्या काडेपेटीला काय सापडणार? ओळखीच्या मधपाळाकडे जाऊन, टोपण बसलेली चौकट पाहून, समोर काढलेला मध घ्यावा. आपल्या जिल्ह्यात हे अजून शक्य आहे.

मधुमेहींसाठी थोडेसे

बोरीचा उन्हाळी मध लिंबाचा आणि करंजाचा असतो, थोडा कडवट झाक असलेला. त्यामुळे आमच्या काही मधुमेही रुग्णांची समजूत होते की कडू म्हणजे साखरेला चालतो. महाबळेश्वरकडच्या जांभळाच्या मधाबद्दलही असेच बोलले जाते. जांभळाच्या बियांचे गुण काय असतील ते असोत, त्याच्या फुलांच्या मकरंदात साखरच असते. कुठल्याही मधात शेकडा ८० च्या आसपास साखराच असतात. मोठा चमचाभर मध म्हणजे सुमारे ६० कॅलरी. मधुमेह असलेल्याने मधाला औषध समजून रोज सकाळी कोमट पाण्यातून घेणे आणि वर गोळी चुकवणे, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. त्यांची तपासणी केली की आकडे बोलतात.

खोकल्यासाठी मात्र मधाला मान आहे. वर्षावरील मुलाला साधा सर्दीचा खोकला असेल तर झोपताना अर्धा-एक चमचा मध देऊन पाहावा. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही २०१८ साली साध्या खोकल्यात आधी मध वापरून पाहा, प्रतिजैविके नकोत, असे सुचवले. जखमेच्या बाबतीत आपल्याच राज्याचे उदाहरण आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवरच्या भाजण्याच्या १०४ रुग्णांवर मधाची पट्टी आणि नेहमीचे चांदीयुक्त मलम यांची तुलना केली आणि ती १९९१ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत प्रसिद्ध झाली. मधाच्या पट्टीने जखमा लवकर भरल्या, असा तिचा निष्कर्ष होता. पण ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी भाजले तर आधी वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. मध, टूथपेस्ट, शाई यांचा क्रम त्यानंतरही लागत नाही.

निघताना कळलेली गोष्ट

हे सगळे बोलून मी उठलो, तेव्हा त्याने बाही वर केली. दंडावर माशी चावल्याची एक लाल गाठ होती. 'साहेब, एक विचारायचं राहिलं. आजवर हजार वेळा माशी चावली, काही वाटलं नाही. औंदा मात्र चावली की अंगभर गांधी उठतात. त्या वळवाच्या दिवशी मध काढताना मानेला चावली, तर डोळ्यांपुढं अंधारी आली, घसा आवळल्यासारखा झाला. माळवदाखाली पडून राहिलो तासभर. मग बरं वाटलं.'

मी परत बसलो. इतका वेळ आम्ही मधाच्या पाण्यावर बोलत होतो आणि खरी गोष्ट ही होती.

माशी चावलेल्या जागी सूज, आग, खाज, हे नेहमीचे. ते एक-दोन दिवसांत जाते. पण चावा मानेला आणि गांधी पोटावर, पाठीवर. किंवा ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, दम लागणे, उलटी, चक्कर, हे वेगळे लक्षण आहे. शरीर त्या विषाला भलतीच उग्र प्रतिक्रिया देत आहे, असा त्याचा अर्थ. पुढचा एखादा चावा काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. वर्षानुवर्षे चावे खाल्लेल्या माणसालाही हे होऊ शकते. 'मला सवय आहे' या भरवशावर राहता येत नाही. त्यातून उन्हाळ्याच्या शेवटी फुले संपत आलेली असतात, हवा तापलेली, वारा सुटलेला, आभाळ भरलेले. अशा वेळी माशी चिडखोर होते आणि एरवीपेक्षा जास्त चावते. म्हणजे ज्या दिवशी मधपाळ घाईत असतो, त्याच दिवशी माशीही रागात असते.

त्याला मी जे सांगितले ते मधपाळांसाठीच नव्हे, शेतात आग्या मोहोळाखाली काम करणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो. माशीचा काटा कातडीत राहतो आणि चावल्यावरही काही वेळ विष सोडत असतो. तो नखाने किंवा कशानेही पटकन काढा. कसा काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचे. चुना, तंबाखू लावत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि थंड पाण्याची घडी ठेवा. दम, चक्कर, घसा आवळणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तर रुग्णाला झोपवून पाय उंच करा, दम लागत असेल तर टेकून बसवा, आणि आहे त्या वाहनाने जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. तेथे मांडीत द्यायचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हेच प्राण वाचवणारे औषध आहे. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. 'तासभर पडून राहिलो, बरं वाटलं' हे नशीब होते. आग्या माश्यांनी एकदम शेकडो चावे घेतले तर ॲलर्जी नसली तरी विषाच्या मात्रेने मूत्रपिंडे बिघडतात. लघवी चहासारखी लाल-काळी झाली तर दुसऱ्या दिवशी का होईना, रुग्णालयात दाखल व्हावेच.

'म्हणजे धंदा सोडू?' त्याने सरळ विचारले. चाळीस पेट्या, बँकेचे कर्ज, दोन मुलींचे शिक्षण. याचे उत्तर दवाखान्यातल्या टेबलावरून देणे सोपे असते, करंजाच्या सावलीत अवघड. मी त्याला म्हटले, 'ॲलर्जीतज्ज्ञाला दाखवेपर्यंत तुम्ही स्वतः पेटी उघडायची नाही.' त्याची बायको इतका वेळ टाकीजवळ उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, 'मी उघडते की. मला काय येत नाही का? चौकटी मीच तर पुसते.'

परवा आजी पुन्हा आल्या. बोरीहून बाटली बदलून मिळाली होती. या खेपेचा मध करंजाचा होता, दाट, चमच्यावरून सुतासारखा उतरणारा. आजींनी तिच्यावर कागद चिकटवून नातवाच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख लिहून घेतली होती, सुनेच्या हातची. बोरीचा मधपाळ गेल्या गुरुवारी छत्रपती संभाजीनगरला तज्ज्ञांना दाखवून आला. इंजेक्शन कोणते, केव्हा आणि कोणी द्यायचे हे तेथे त्याच्या भावाला आणि बायकोला शिकवले. जूनच्या आधीची शेवटची काढणी, चिंचेच्या फुलोऱ्याची, त्याच्या बायकोने आणि भावाने केली. पांढरे कपडे, जाळीची टोपी, हातमोजे, आणि टोपण बसलेल्याच चौकटी. मध नऊ किलो निघाला. तो स्वतः दोनशे पावलांवर आखाड्याच्या दारात खुर्ची टाकून बसला होता आणि तेथूनच ओरडून सूचना देत होता, असे त्याच्या भावाने मला सांगितले.